साचा एक, यंत्रे अनेक
(कुंभारवाडा येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या गावाच्या नावातच कुंभाराचा वाडा आहे. त्यामुळे आजचा विषय संगणकाचा असला, तरी त्याचे मर्म आपणांस परके वाटू नये. चाकावरचे प्रत्येक मडके नव्याने घडवावे लागते; साच्यातून काढलेल्या गणपतीच्या मूर्ती मात्र एकसारख्या निघतात. संगणकाच्या जगातही ह्या दोन्ही रीती आहेत.

आपल्या जमिनीची पहाणी पूर्वी हस्तलिखित वहीत असे. कर्नाटक शासनाच्या ‘भूमी’ योजनेखाली २००१ च्या सुमारास सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी नोंदी संगणकावर आणण्यात आल्या. अशा नोंदी सांभाळणारी यंत्रे आज मोठ्या माहिती केंद्रांत असतात. प्रत्येक कामासाठी तेथे वेगळा संगणक विकत घ्यावा लागत नाही. एकाच बलवान संगणकाच्या पोटात अनेक ‘आभासी यंत्रे’ चालविली जातात. प्रत्येकाला वाटावे की सारा संगणक आपलाच आहे! ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने १९७२ सालीच ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली होती. साध्या संगणकांवर ती सोय १९९९ पासून व्हीएमवेअरसारख्या कंपन्यांनी आणली. २०१४ साली केंद्र शासनाने ‘मेघराज’ योजनेखाली राष्ट्रीय मेघसेवा सुरू केल्यापासून शासकीय खात्यांना अशी आभासी यंत्रे मागणी करून मिळू लागली.

आभासी यंत्र म्हणजे अखेर तबकडीवर साठविलेल्या काही फायली होत. फायलीची नक्कल करता येते, म्हणून यंत्राचीही करता येते. जाणकार कर्मचारी एक यंत्र मन लावून तयार करतो, त्यातील अनावश्यक भाग काढून टाकतो, आणि त्या क्षणीच्या स्थितीचे जणू छायाचित्र घेऊन ठेवतो. ह्यास ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. त्यावरून गोठवून ठेवलेला नमुना म्हणजे ‘टेम्पलेट’, आपल्या भाषेत साचा. आणि साच्यातून निघालेले यंत्र म्हणजे ‘क्लोन’. जे काम करावयास पूर्वी अर्धा दिवस लागे, ते आता काही मिनिटांत उरकते.

नक्कल दोन प्रकारची असते. पूर्ण नक्कल सर्वस्वी स्वतंत्र असते. जोडलेली नक्कल वेगळी. शिक्षकबंधूंनी असे समजावे, की वर्गात पाठ्यपुस्तक एकच आहे व त्यावर कोणी लिहावयाचे नाही. प्रत्येक मुलाने आपल्या दुरुस्त्या आपल्या वहीत कराव्यात. ह्यात जागा फार वाचते. परंतु पुस्तकच हरवले, तर सर्व वह्या निरुपयोगी होतात, हे विसरून चालणार नाही.

येथे तीन गोष्टींची दक्षता घेणे अगत्याचे आहे. पहिली, साच्याची शुद्धता. साच्यात सोंडेवर चीर असेल, तर ती प्रत्येक मूर्तीवर उमटते. साच्यात एखादा जुना परवलीचा शब्द राहिला, किंवा सुरक्षिततेच्या ताज्या दुरुस्त्या घातल्या नाहीत, तर तोच दोष पन्नास यंत्रांत एकदम पसरतो. म्हणून साचा वेळोवेळी नव्याने करावा.

दुसरी, ओळख. नक्कल झालेल्या यंत्राला मूळ यंत्राचेच नाव व त्याच गुप्त किल्ल्या राहिल्या, तर दोन माणसांनी एकच शिक्का वापरल्यासारखे होते. कागद कोणी उठविला हे कळत नाही. विंडोज प्रणालीत ही ओळख पुसण्यासाठी ‘सिसप्रेप’ हे साधन आहे. लिनक्समध्ये ‘मशीन-आयडी’ची नोंद कोरी करतात व जुन्या किल्ल्या काढून टाकतात. हे काम साचा गोठविण्यापूर्वीच करावयाचे असते.

तिसरी गोष्ट आपल्या तालुक्याइतकी कोणाला कळणार? १९८० च्या दशकात काळी नदीवर सुपा धरण झाले आणि जुने सुपा गाव जलाशयाखाली गेले. कल्पना करा, एखाद्याने जमिनीचा मूळ कागद व त्याची नक्कल एकाच पेटीत ठेवून ती पेटी तेथल्या घरातच सोडली असती, तर नकलेचा उपयोग तो काय? स्नॅपशॉटही बहुधा मूळ यंत्राच्याच साठ्यावर असतो व त्याच्यावरच अवलंबून राहतो. साठा बिघडला की दोन्ही गेले! म्हणून स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. खरी प्रत दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या साठ्यावर ठेवावी, आणि ती उघडते की नाही ह्याची अधूनमधून परीक्षा घ्यावी.

शेतकरी बंधूंनी ह्यातून एवढेच घ्यावे, की यंत्राची नक्कल मिनिटांत होते; परंतु तिच्यातली नोंद खरी आहे की नाही हे यंत्र सांगू शकत नाही. आपली पहाणी वर्षातून एकदा काढून नाव, सर्व्हे क्रमांक व क्षेत्र वाचून पाहावे. चूक आढळल्यास लगेच अर्ज द्यावा. प्रमाणित प्रत घरी जपून ठेवावी. अधिकारी मित्रांना माझी विनंती, की आपल्या खात्याचा साचा शेवटचा केव्हा तपासला आणि बाहेर ठेवलेली प्रत शेवटची केव्हा उघडून पाहिली, हे दोन प्रश्न त्यांनी कार्यालयात परतताच विचारावेत.

कुंभार मडके विकण्यापूर्वी बोटाने वाजवून पाहतो. तीच सवय आपण यंत्रांनाही लावू या.