चुकलेले उत्तर कोण वाचणार?

दहावीचा निकाल घसरला की संस्थाचालक मुलांच्या घराकडे बोट दाखवतात आणि आपण अनुदानाकडे. आपली मागणी रास्तच आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाची कोठारी आयोगाची (१९६४-६६) शिफारस आजवर अमलात आलेली नाही. परंतु वर्गात काय घडते, हा प्रश्न आपणही टाळत आलो.

नववीतला मुलगा १/२ + १/३ = २/५ असे लिहितो. शिक्षक तांबडी फुली मारून पुढे जातात. वास्तविक त्या उत्तरामागे विचार आहे : त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. अर्ध्यात भर घातल्यावर बेरीज अर्ध्याहून कमी कशी, एवढे विचारले तरी तो थबकतो. अशा चुका समोर ठेवून गणिताच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसावे. त्यासाठी उसंत हवी. पण निवडणूक-जनगणनेच्या कामाला त्यांना जुंपण्याची मुभा २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानेच ठेवली आहे. त्याच कायद्याचे छत्र मुलावरून मात्र आठवीनंतर निघते. मग सधनांची मुले खाजगी शिकवणीला जातात, ऊसतोड्याचा मुलगा फडात.

तेव्हा तालुका शाखांनी अनुदानाच्या निवेदनात या एका तासाची मागणी जोडावी, आणि आधी शिक्षक संघटनांशी बोलावे. त्यांचा पहिला आक्षेप वेळापत्रकाचा असेल.