बर्फावर न टिकलेली मुलं आणि त्यांच्या आया

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

हॉकी म्हटलं की आपल्याला खडकीचा धनराज पिल्ले आठवतो, मैदान आठवतं. मी आज बोलणार आहे ती हॉकी बर्फावरची. मुंबईत एम.एस.डब्ल्यू. केल्यावर काही वर्षं मी वस्तीत काम केलं. लग्नानंतर कॅनडात गेले, आणि आता ओंटारिओ प्रांतातल्या एका शहरात कुटुंब समुपदेशनाचं काम करते. बायकांच्या मेळाव्यात मुलग्यांच्या खेळाचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं.

तीन वर्षांपूर्वी एक बाई आमच्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय पन्नाशीच्या आसपास, किराणा मालाच्या दुकानात गल्ल्यावर काम. तक्रार एवढीच की झोप लागत नाही. बोलता बोलता कळलं की २३ वर्षांचा मुलगा चार महिने घराच्या तळघरात पडून असतो, दिवा लावत नाही, मित्रांचे फोन घेत नाही. १८ व्या वर्षी एका मोठ्या संघाने त्याची निवड केली होती, गावच्या वर्तमानपत्रात फोटो आला होता. त्यानंतर तो खालच्या लीगमध्ये खेळत राहिला. मोठ्या संघातून एकही सामना न खेळता परत आला. करार संपला, नवा मिळाला नाही. ‘माझंच काहीतरी चुकलं असणार,’ असं त्या बाई पहिल्याच भेटीत तीनदा म्हणाल्या.

खरंच त्यांचं चुकलं होतं का? आधी साधा हिशोब करू. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही या खेळातली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग. तिच्यात ३२ संघ आहेत आणि हंगामात एका संघाच्या यादीत जास्तीत जास्त २३ खेळाडू. म्हणजे सगळ्या मिळून ७३६ जागा. दर उन्हाळ्यात नव्या मुलांची निवड होते, तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. सात फेऱ्यांमध्ये २२४ मुलं निवडली जातात. पण त्या ७३६ जागा काही रिकाम्या नसतात. चांगला खेळाडू दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं आपली जागा धरून असतो. म्हणजे ज्यांची निवड झाली त्यांच्यातल्याही पुष्कळांना परत फिरावं लागणार, हे निवडीच्या दिवशीच ठरलेलं असतं. ह्यू जेसिमन नावाचा खेळाडू २००३ मध्ये पहिल्याच फेरीत १२ व्या क्रमांकावर निवडला गेला. एनएचएलमध्ये तो एकूण दोन सामने खेळला, तेही २०११ मध्ये आणि दुसऱ्याच संघाकडून. फुकट गेलेल्या निवडींच्या याद्या छापतात त्यांत त्याचं नाव हमखास असतं. अशा याद्यांमध्ये दोष खेळाडूच्या नावावर लागतो. व्यवस्थेचं गणित कोणी छापत नाही.

आता या गणिताला माणसं कोण पुरवतं ते बघू. मुलगा पाच-सहा वर्षांचा असल्यापासून त्याला पहाटे, बाहेर उणे वीस अंश तापमान असताना, गाडीतून रिंकवर कोणीतरी न्यावं लागतं. घामाने भिजलेले कपडे, गार्ड वाळवावे लागतात. दर वर्षी स्केट लहान होतात, ते नवे घ्यावे लागतात. सोळाव्या-सतराव्या वर्षी हुशार मुलगा ज्युनिअर लीगसाठी घर सोडून परगावी जातो. तिथे जे कुटुंब त्याला ठेवून घेतं त्याला ‘बिलेट’ म्हणतात. जेवणखाणासाठी त्या कुटुंबाला महिन्याला थोडी रक्कम मिळते. मध्यरात्री बसने परतलेल्या मुलाला गरम जेवण वाढणारी, तो हरून आला तर त्याच्याजवळ बसणारी तिथेही बहुतेक वेळा बाईच असते. एका आईचं काम दुसऱ्या आईकडे जातं, एवढाच फरक.

या सामन्यांना तिकिटं लागतात. प्रशिक्षकाला पगार असतो. पण खेळणारा मुलगा कामगार धरला जात नाही. त्याला थोडा भत्ता आणि पुढच्या शिक्षणासाठी मदत मिळते. २०१४ मध्ये माजी खेळाडूंनी किमान वेतनासाठी दावा लावला, तेव्हा एकेका प्रांताच्या सरकारने या खेळाडूंना वेतनाच्या कायद्यातूनच वगळलं. ओंटारिओने ते २०१८ मध्ये केलं. हे वाचताना मला आपल्या घरकामगार बायकांची आठवण झाली. ‘ती तर घरच्यासारखी’ आणि ‘तो तर विद्यार्थी’, ही दोन वाक्यं एकाच कामाला येतात.

आणि ज्याच्या हातात निवड, त्याच्या हातात मुलाचं सगळं आयुष्य. १९९७ मध्ये ग्रॅहॅम जेम्स या ज्युनिअर प्रशिक्षकाने आपल्या खेळाडूंवर केलेल्या लैंगिक अत्याचारांची न्यायालयात कबुली दिली. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. शेल्डन केनेडी या खेळाडूने स्वतःचं नाव उघड करून बोलायचं धाडस केलं म्हणून हे बाहेर आलं. तो एनएचएलपर्यंत पोचला होता. तरी तोंड उघडायला त्याला किती वर्षं लागली! मग ज्याची जागा अजून पक्की नाही, असा सोळा वर्षांचा मुलगा कोणाविरुद्ध तक्रार करणार? नोकरी जाईल म्हणून गप्प बसणारी बाई आपण रोज बघतो. ही भीती आपल्या ओळखीची आहे.

मुलींचं काय? टोरंटोच्या जस्टिन ब्लेनीला मुलग्यांच्या संघात खेळायचं होतं. निवड होऊनही ती मुलगी म्हणून संघटनेने नकार दिला. खेळात लिंगभेद करायला सूट देणारं कलम तेव्हा खुद्द ओंटारिओच्या मानवी हक्क कायद्यातच होतं! १९८६ मध्ये अपील न्यायालयाने ते रद्द ठरवलं. १९९२ मध्ये मॅनाँ रेओम ही गोलरक्षक टँपा बे संघाकडून एनएचएलच्या सराव सामन्यात उतरली. ती पहिली बाई. बायकांची कॅनडातली लीग २००७ मध्ये सुरू झाली. तिने खेळाडूंना पैसे द्यायला २०१७ मध्ये सुरुवात केली आणि २०१९ मध्ये ती बंद पडली. पगार, वैद्यकीय विमा आणि संघटित खेळाडू असलेली आजची व्यावसायिक महिला लीग जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांनिशी सुरू झाली. मुलग्यांचं स्वप्न मोडतं, हे खरंच. पण मोडण्याइतकं स्वप्न मिळायलाही मुलींना एवढी वर्षं लागली.

पुन्हा त्या बाईंकडे येते. सहाव्या भेटीत आम्ही दोघींनी मिळून एक हिशोब लिहिला. मुलाच्या खेळावर किती तास गेले, किती पैसे, घरावर किती कर्ज झालं, त्यांनी कुठली बढती नाकारली. कागद भरल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘यात मुलीचा रकानाच नाही.’

मी माझी नोंदवही उघडली. सहा भेटी झाल्या होत्या आणि मी लिहिलं होतं, ‘धाकटी मुलगी, वय २१’. एवढंच. स्वतःला स्त्रीवादी कार्यकर्ती म्हणवणाऱ्या मला तिच्याबद्दल एक प्रश्न सुचला नव्हता. पुढच्या भेटीला ती आईबरोबर आली. ती गोलरक्षक होती. अकराव्या वर्षी तिने खेळ सोडला. कोणी ‘सोड’ म्हणालं नव्हतं. ‘गाडी एकच होती ना,’ ती म्हणाली. आणि चार महिने तळघरात भावाला जेवण नेऊन देणारी तीच होती.

मुलगा आता वीजजोडणीचं काम शिकतो आहे. रिंकवर अजून गेलेला नाही. बाईंना झोप लागते, पण कर्ज आहेच. मुलगी या हिवाळ्यात बायकांच्या स्थानिक संघात खेळायला लागली. सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. ‘माझं चुकलं’ हे वाक्य मात्र त्या घरातून गेलं.

मैत्रिणींनो, आपल्या केंद्रांतही मुलाच्या काळजीने आया येतात. कोणाचा मुलगा पुण्यात खोली घेऊन पाच वर्षं स्पर्धा परीक्षा देत असतो, कोणाचा क्रिकेटच्या अकादमीतून परत आलेला असतो. त्या आईला आपण धीर देतो, मुलाला समजून घेतो. ते करायलाच हवं. पण त्याबरोबर तीन प्रश्न आपल्या नोंदवहीत छापून घेऊ या. जागा मुळात किती होत्या? त्यासाठी घरात कोणाचे श्रम गेले? आणि त्या काळात घरातल्या मुलीचं काय थांबलं?

तिसऱ्या प्रश्नासाठी रकाना जरा मोठा ठेवा. माझ्या वहीत तो नव्हता.