अर्धवट राहिलेली कामं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. पण त्यातलं तुमची मुलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. म्हणून मी आपल्या साताऱ्याशी नातं असलेल्या दोन बायकांबद्दल बोलते.

पहिली आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 17 नोव्हेंबर 2015 ला कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिक शहीद झाले. पोगरवाडीचे, आपल्याच सैनिक स्कूलचे विद्यार्थी. त्यांच्या पत्नी स्वातीताईंनी तेव्हाच सांगितलं की मी सैन्यात जाणार. पदरात दोन लहान मुलं, वयाची मर्यादा उलटलेली. सरकारने सवलत दिली ती फक्त वयाची. निवडीची परीक्षा आणि चेन्नईचं खडतर प्रशिक्षण इतरांसारखंच, तेही निम्म्या वयाच्या वाटाव्यात अशा मुलींबरोबर. सप्टेंबर 2017 मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या आणि आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये रुजू झाल्या.

ऑर्डनन्स म्हणजे शस्त्रं आणि दारूगोळा सांभाळणारं, पुरवणारं खातं. बातम्यांत ते फारसं दिसत नाही. पण कुठला साठा कधीचा, कुठे ठेवलाय, वापरण्याजोगा आहे का, ही नोंद चुकली तर काय होतं? 31 मे 2016 ला पुलगावच्या दारूगोळा भांडारात स्फोट झाला, त्यात अधिकारी आणि अग्निशमनाचे जवान गेले. हे खातं किती जोखमीचं, ते त्या दिवशी कळलं. मी रोज डेटाबेसशी झटते. माझी नोंद चुकली तर एखादं बिल चुकेल. त्यांची चुकली तर माणसं जातील.

दुसरी बाई शंभर वर्षांपूर्वीची. साताऱ्यात अमेरिकन मिशनचे लोक 1849 पासून राहू लागले. तिकडे मिरजेला प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. वॉनलेस यांचं रुग्णालय 1894 मध्ये सुरू झालं. सांगलीला वालचंदमध्ये शिकताना मिरजेला जाणं व्हायचं, पण हा इतिहास तेव्हा कुणी सांगितला नाही. ख्रिस्ती लोक चर्चच्या सभासदांना 'मंडळी' म्हणतात, हेही मला उशिरा कळलं. या साताऱ्याच्या मंडळींच्या इतिहासात एक पान रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं आहे. 1917 मध्ये ते मिशनचं काम सोडून साताऱ्याला आले. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या सर्वांना सामावणारा 'देवाचा दरबार' त्यांनी इथे मांडला. दोनच वर्षांत, 9 मे 1919 ला, ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं.

ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या. वय पन्नाशीचं. त्यांनी त्यात 64 अध्यायांची भर घातली. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई त्याच.

एक वर्दीतली, एक ओव्या रचणारी. एकीच्या हातात दारूगोळ्याचा हिशेब, दुसरीच्या हातात ख्रिस्तचरित्र. दोघींची तुलना मी करत नाही. पण दोघींनाही लोक सहज म्हणू शकले असते, "आता या वयात कशाला?"

हे वाक्य मी ऐकलंय. घरातल्या आजारपणामुळे मी सहा वर्षं नोकरी सोडली होती. परत अर्ज केला तेव्हा एका कंपनीत मुलाखत घेणाऱ्यांनी घड्याळ बघत विचारलं, "इतक्या वर्षांत सगळं बदललं, आता जमेल का?" त्या सहा वर्षांत मी औषधांच्या वेळा, डॉक्टर, विमा, मुलांची शाळा, सगळं एकटीने सांभाळलं होतं. अर्जात त्यासाठी रकानाच नव्हता. नोकरी दुसरीकडे मिळाली. पण आपल्या वर्गातल्या किती हुशार मुली त्या एका प्रश्नावर घरी परतल्या असतील, याचा मी आजही विचार करते. गणितात माझ्यापुढे असणाऱ्या दोघी आज इथे बसल्या आहेत. त्यांच्याकडे मी मुद्दाम बघत नाही!

मित्रांनो, आज आपल्यापैकी बरेच जण मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत आहेत. समोर चाळिशीची बाई आली आणि तिच्या अर्जात मधली काही वर्षं कोरी दिसली, तर तिला एवढंच विचारा, "या काळात काय काय सांभाळलंत?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.