हातात पिस्तूल घेण्याआधी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका रहिवासी सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पोलीस दलात बरीच वर्षं मी जवानांना पिस्तूल चालवायला शिकवलं. त्यामुळे आसपास कुठे घरफोडी झाली की लिफ्टमध्ये कोणीतरी विचारतंच, "साहेब, एक लायसन्स काढून ठेवू का?" कमिटी म्हणाली, एकदाच सगळ्यांना उत्तर द्या. म्हणून आज दहा मिनिटं तुमची घेतो.

आधी कायदा. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. मुंबई-पुण्यासारख्या शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, इतरत्र जिल्हादंडाधिकारी. वय २१ पूर्ण हवं, पोलीस चौकशी होते, शस्त्राची गरज का आहे हे पटवून द्यावं लागतं. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षणही लागतं. शेजारच्या बंगल्यात चोरी झाली एवढं कारण सहसा पुरत नाही.

समजा, परवाना मिळाला. मग शिकायचं काय? नेम ही पुढची गोष्ट. जेफ कूपर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने १९७६ मध्ये ॲरिझोनात सामान्य नागरिकांसाठी पिस्तुलाची शाळा काढली. त्याचे चार नियम आज जगभर शिकवतात. एक, प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजा. दोन, ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवू नका. तीन, नेम धरल्याशिवाय बोट ट्रिगरवर नेऊ नका. चार, समोर कोण आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे ओळखल्याशिवाय गोळी झाडू नका.

हा चौथा नियम आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांनी पाठ करावा. रात्री दोन वाजता अंधारात कोणी हालताना दिसलं, तर तो चोरच असेल कशावरून? सेकंड शिफ्ट करून आलेला मुलगा असेल, पाणी प्यायला उठलेल्या आजी असतील. आणि नेम चुकला तर? फ्लश डोअर किंवा प्लायचं पार्टिशन गोळी अडवत नाही. पलीकडे शेजाऱ्यांचं दार आहे, जिना आहे.

आता वेळेचं गणित. डेनिस ट्युलर या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये दाखवून दिलं, की २१ फुटांवरचा चाकूवाला साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. आपल्या टू बीएचकेत मुख्य दारापासून बेडरूमपर्यंत अंतर साधारण तेवढंच आहे, नाही का? ट्युलरचा पोलीस जागा होता, सावध होता, पिस्तूल कमरेला होतं. तुम्ही झोपेत असणार. आणि घरात मुलं असतील, किंवा कोणाचं मन खचलेलं असेल, तर शस्त्र कुलपातच हवं, त्यात तडजोड नाही. म्हणजे किल्ली शोधा, कपाट उघडा, गोळ्या भरा. भीतीने हात थरथरतात, नजर एकाच जागी खिळते. सराव नसलेल्या माणसाला हे जमत नाही. वर्षातून एकदा रेंजवर जाऊन दहा गोळ्या झाडणं म्हणजे सराव नव्हे.

स्वसंरक्षणाचा हक्क मात्र आपल्याला पूर्ण आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये तो दिला आहे. स्वतःचा जीव, दुसऱ्याचा जीव, मालमत्ता, सगळ्यासाठी. पण कलम ३७ सांगतं, बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. रात्रीच्या घरफोडीविरुद्ध कायदा बराच मोठा हक्क देतो, तोही घुसखोरी चालू असेपर्यंतच. चोर जिन्यावरून पळत सुटला, तुम्ही गॅलरीतून गोळी घातली, तर आरोपी तुम्ही. बचावच होता हे कोर्टात दाखवण्याची जबाबदारीही तुमची.

म्हणून ज्यांना खरोखर धोका आहे, त्यांनी परवाना जरूर मागावा, पण रीतसर शिकून आणि सराव टिकवून. बाकीच्यांनी प्रशिक्षणातला अर्धा भाग पिस्तुलाशिवाय शिकावा. सेफ्टी डोअरची कडी लावा. आयहोलमधून पाहिल्याशिवाय दार उघडू नका. आत कोणी शिरलंच, तर घरातल्या सगळ्यांनी कोणत्या खोलीत जमायचं ते आजच ठरवा. त्या खोलीला आतून मजबूत कडी आणि उशाशी फोन. ११२ लावा, विंग आणि फ्लॅट नंबर आधी सांगा. मग मोठ्याने ओरडा. सोसायटीत राहण्याचा फायदा हाच, की ओरडलं तर वीस दारं उघडतात.

कमिटीला एक विनंती. फायर ड्रिल घेतो तशी वर्षातून एकदा याचीही तालीम घेऊ या. आमच्यासारखे रिटायर्ड लोक शिकवायला तयार आहेत, फी फक्त चहा.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. जय हिंद, जय महाराष्ट्र!