आमच्या अंगात काय टोचलं, ते आम्हाला कळू द्या

(केळापूर येथील महिला आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



वेचणीची मजुरी बुडवून तुम्ही आज इथे आला आहात, तेव्हा थेट मुद्द्यावर येते. आज आपल्याला संप्रेरकांबद्दल बोलायचं आहे. दवाखान्यात त्यांना हार्मोन म्हणतात. आपल्या अंगातल्या ग्रंथींमधून रक्तात उतरणारे हे निरोपे. पाळी कधी यायची, दूध कधी उतरायचं, अंगात ताकद किती राहायची, हे त्यांच्या निरोपावर चालतं. निरोप कमी-जास्त झाला की पाळी चार-चार महिने येत नाही, आली की थांबत नाही, गळा सुजतो, हनुवटीवर केस येतात. आणि आपण म्हणतो, बाईच्या जातीला हे चालायचंच!

फारच झालं तर दवाखाना. तिथे गोळी मिळते, नाहीतर सुई. ती कसली, हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. पण संप्रेरकाचं औषध सगळ्या अंगात फिरतं. पाळीसाठी घेतलेल्या गोळीचा परिणाम रक्ताच्या गुठळीवर, हाडांवर, स्तनांवर होऊ शकतो, आणि तोही कधी काही वर्षांनी. एका बाईकडे बघून एका डॉक्टरला तो कळत नाही. त्यासाठी हजारो बायांची नीट नोंद ठेवून संशोधन करावं लागतं. म्हणून संशोधन ही आपल्याच कामाची गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की ते आपल्याला विचारून होतं की आपल्यावर होतं?

संशोधनाशिवाय औषध वापरलं की काय होतं ते आधी पाहू. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांची जबर मात्रा असलेली ‘ईपी फोर्ट’ औषधं आपल्या देशात वर्षानुवर्षं विकली गेली. दिवस राहिलेत की नाही हे पाहायला आणि राहिले असतील तर पाडायलासुद्धा ती दिली जात. गर्भ पडायची खात्री नव्हतीच, आणि पोटातल्या बाळात व्यंग येण्याचा धोका होता. १९८२ साली सरकारने बंदी जाहीर केली, तर उत्पादक कोर्टात जाऊन स्थगिती घेऊन आले. स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि काही डॉक्टर यांनी विषय लावून धरला, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ साली बंदी आली. सहा वर्षं लागली. तोवर या गोळ्या किती बायांनी घेतल्या असतील?

आता दुसरी बाजू. आपल्या पांढरकवड्यावरून जो हमरस्ता आदिलाबादकडून हैदराबादला जातो, त्या हैदराबादजवळ पटनचेरू नावाचं गाव आहे. १९८५ साली तिथल्या आरोग्य केंद्रात ‘नेट-एन’ या दोन महिन्यांच्या गर्भनिरोधक सुईची चाचणी होणार होती. चाचणी सरकारी संस्थेची होती, इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चची. गरीब, कष्टकरी बाया आल्या होत्या. मूल होऊ नये म्हणून सुई आहे, इतकंच त्यांना ठाऊक होतं. आपल्यावर औषधाची चाचणी होते आहे, हे ठाऊक नव्हतं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथे गेल्या. त्यांनी समजावून सांगितल्यावर पुष्कळ बायांनी नकार दिला. या बाया अडाणी होत्या म्हणून सुई घ्यायला आल्या, असं म्हणायची सोय राहिली नाही. माहिती मिळताच त्यांनी आपला निर्णय आपण घेतला.

१९८६ साली स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली, अहमदाबादची चिंगारी आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००० साली प्रकरण निकाली निघालं, तेव्हा समुपदेशन आणि पाठपुराव्याची पुरेशी सोय नसेल तिथे ही सुई सरसकट कार्यक्रमात आणणार नाही, असं सरकारला सांगावं लागलं.

मग संशोधन नकोच का? असं म्हणून चालणार नाही. पाळी गेल्यानंतर बायांनी संप्रेरकाच्या गोळ्या घ्याव्यात, त्याने हृदयविकार टळतो, असं पाश्चात्त्य देशांत अनेक वर्षं सांगितलं जाई. गोळ्या घेणाऱ्या बाया खरोखरच जास्त निरोगी दिसत. पण तुम्हीच सांगा, ज्याच्या शेतात विहीर आहे त्यानेच नवं बियाणं पेरलं आणि पीक जोमदार आलं, तर ते बियाण्यामुळे की पाण्यामुळे? गोळ्या घेणाऱ्या बाया बहुतेक खात्यापित्या घरच्या होत्या. म्हणून अमेरिकेत १६,६०८ बायांची चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून साधारण निम्म्यांना खरी गोळी दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली. २००२ साली ही चाचणी ठरल्या मुदतीआधीच थांबवावी लागली. खरी गोळी घेणाऱ्या दर दहा हजार बायांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ८, पक्षाघाताच्या ८ आणि हृदयविकाराच्या ७ रुग्ण जास्त निघाल्या. मांडीचं हाड मोडणाऱ्या मात्र ५ कमी होत्या. पुढे अधिक अभ्यासातून कळलं, की पाळी नुकतीच गेलेल्या, अंगाची फार लाही होणाऱ्या बाईला ही गोळी तपासून देता येते, पण हृदय वाचवायला म्हणून सरसकट देता येत नाही. हे सगळं नीट केलेल्या चाचणीमुळेच समजलं.

रोगाचं नाव सांगितलं तरी घाबरू नका. हल्ली मुलीची पाळी पुढे-मागे झाली की सोनोग्राफी करतात आणि ‘पीसीओडी’ म्हणून चिठ्ठी देतात. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी ७७८ मुलींचा अभ्यास केला, तो २०१४ साली छापून आला. एका मापाने शंभरात २२.५ मुलींना हा विकार निघाला, दुसऱ्या मापाने १०.७ मुलींना. मुली त्याच, तपासण्या त्याच, फक्त माप बदललं. एका मापात पाळीतली अनियमितता, पुरुषी संप्रेरकाची जास्ती आणि बीजांडाचं सोनोग्राफीतलं रूप यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी पुरतात. दुसऱ्यात पुरुषी संप्रेरकाची जास्ती असलीच पाहिजे. आता तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सांगितलं आहे, की पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. तेव्हा पंधरा वर्षांच्या पोरीला एका फोटोवरून ‘हिला मूल होणार नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकून तिचं लग्न घाईने उरकू नका. विकार असलाच तर खाणं, व्यायाम आणि गरजेप्रमाणे गोळ्या असे उपाय आहेत. पिशवी काढणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

बायांना विश्वासात घेऊन काम करता येतं का? आपल्या विदर्भातच झालं आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायांची तपासणी केली. त्यांचा लेख १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. शंभरात ९२ बायांना स्त्रीरोग निघाले, एकेकीला सरासरी ३.६. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात जेमतेम आठ होत्या! ‘चालायचंच’ म्हणून आपण काय काय अंगावर काढतो, हे त्या दोन गावांतल्या बायांनी जगाला दाखवून दिलं.

आजची गोष्ट सांगते. २०१७ पासून सरकारी केंद्रांत ‘अंतरा’ ही तीन महिन्यांची सुई फुकट मिळते. काही जणींना ती सोयीची वाटते, घरच्यांचा विरोध असेल तर विशेषच. घेऊ नका, असं मी म्हणत नाही. पण या सुईने पाळी अनियमित होते किंवा बंद होते, सुई सोडल्यावर दिवस राहायला कित्येक महिने लागू शकतात, आणि फार वर्षं घेतली तर हाडं विरळ होऊ शकतात. हे आधी कळलं, तर पाळी थांबल्यावर बाई घाबरणार नाही आणि ‘करणी झाली’ म्हणून भगताकडेही जाणार नाही.

तेव्हा सुई टोचण्याआधी चार प्रश्न विचारा. हे औषध कोणतं आणि कशासाठी? त्याने त्रास काय होऊ शकतो? दुसरा उपाय आहे का? त्रास झाला तर रात्री-बेरात्री कोणाकडे जायचं? पाचवा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: हा इलाज आहे की चाचणी? चाचणी असेल, तर २०१९ च्या नियमांप्रमाणे तुमच्या समजेल त्या भाषेत लेखी माहिती आणि संमती हवी. वाचता येत नसेल तर कोणाची बाजू न घेणारा साक्षीदार हवा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई मिळायला हवी. मध्येच ‘नको’ म्हणायचा हक्क तर आहेच.

ही भाषा कोलामी किंवा गोंडीसुद्धा असली पाहिजे. कागदावरची मराठी ज्या बाईला समजत नाही, तिचा अंगठा म्हणजे तिची संमती नव्हे.

एकटीने विचारायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. म्हणून दोघी-तिघी मिळून जा, आशाताईला बरोबर घ्या, औषधाचं पाकीट आणि चिठ्ठी जपून ठेवा. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या. त्यांच्यावर काय लिहिलं आहे, ते आपण मिळून वाचू.