क्वार्टर्सवरचा मोबाईल टॉवर

(शाखेच्या सर्वसाधारण सभेत युनियन सचिवांनी केलेले भाषण)



रेल्वे कॉलनीतून आणि पोस्टाच्या क्वार्टर्समधून आमच्याकडे एकाच विषयाची पत्रे येत आहेत : मोबाईलचा टॉवर हलवा. टपालवाल्यांचे दुखणे जुने आहे. १९८५ साली डाक-तार खात्याची फाळणी झाली, पण कित्येक गावांत पोस्ट आणि टेलिफोन एक्सचेंज एकाच आवारात राहिले. टॉवर उभारताना खाली बिऱ्हाड करून राहणाऱ्याला कोणी विचारत नाही. पत्रांतला निम्मा राग त्याचाच आहे, आणि तो आम्हांला रास्त वाटतो.

आता आजाराचे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातले. ही बातमी घरोघर पोचली. पुरावा मर्यादित आहे आणि शंका फिटलेली नाही, एवढाच त्या गटाचा अर्थ, हे मात्र पोचले नाही. २०२४ मध्ये त्याच आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट झाली.

सिग्नलच्या खांबाखाली उभे राहिले तर दिवा धड दिसत नाही. लांबून येणाऱ्या ड्रायव्हरला तो लख्ख दिसतो. अँटेनाचेही तसेच आहे. झोत समोर जातो. म्हणून ज्या इमारतीवर टॉवर, तिच्या खोल्यांत लहरी बहुधा कमी, आणि समोरच्या तेवढ्याच उंचीच्या गच्चीवर जास्त. अंतर दुप्पट झाले की जोर चौथाईवर येतो. आणि टॉवर पार गावाबाहेर घालवला तर? लाइन खराब असली की आपण फोनवर ओरडतो ना, तसा कानाशी धरलेला हँडसेटच जास्त जोर लावतो.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की अंदाजावर भांडू नका, मोजून मागा. पण मोजणीत न येणारा एक माणूस आहे. गच्चीवर पाण्याची टाकी धुवायला चढणारा खलाशी, गळती बुजवणारा, अँटेना बसवणारा कंत्राटी पोरगा. अँटेनाच्या अगदी तोंडासमोर, काही मीटरांच्या आत, मर्यादा ओलांडली जाऊ शकते. तीव्र लहरींनी शरीर तापते, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद नाही. वरून पडलेला माणूस मरतो, याबद्दल तर कोणालाच शास्त्रज्ञ लागत नाही. ओएचईवर काम करायचे तर आपण पॉवर ब्लॉक घेतो, अर्थिंग करतो, मगच हात लावतो. अँटेनासमोर माणूस पाठवताना ट्रान्समीटर बंद करायचा नियम गच्चीवर कोण पाळतो? त्या पोराला पट्टासुद्धा मिळत नाही, आणि त्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते.

हे आपल्या दारातही आले आहे. 'कवच'साठी रेल्वे स्वतःचे रेडिओ टॉवर उभारत आहे. गाड्या धडकू नयेत म्हणून ते हवेतच. आपला विरोध नाही. पण त्यांवर चढणार सिग्नल-टेलिकॉमचे आपले लोक आणि ठेकेदाराची माणसे. दोघांना एकच नियम लागला पाहिजे : आधी ट्रान्समीटर बंद केल्याचे लेखी, मग शिडी. गच्चीच्या दारावर मराठीत आणि हिंदीत पाटी. जुन्या इमारतीवर टॉवर असेल तर तिच्या मजबुतीचा दाखला कॉलनीला दाखवावा.

मोजणीसाठी दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये 'तरंग संचार' सुरू केले आणि एका मोजणीचे शुल्क ४,००० रुपये ठेवले. एका बिऱ्हाडाला ही रक्कम जड आहे, शाखेला नाही. ज्यांच्या पत्रांवर निदान दहा घरांच्या सह्या असतील, त्यांची मोजणी शाखा करून घेईल. अर्जाचा नमुना कोषाध्यक्षांकडे ठेवला आहे. जाताना घेऊन जा.