आकड्याचे गाव

व्यवसायातील घडामोडींची नोंद करणारी माणसे, ती नोंद करण्याची ठरलेली रीत, साठवलेली माहिती आणि ती हाताळणारी यंत्रे या साऱ्यांना मिळून माहिती प्रणाली म्हटले जाते. वाणिज्य शाखेच्या स्नेहसंमेलनात या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या माजी विद्यार्थ्याला पाचारण केले जाते, तेव्हा त्याने यंत्रांविषयी चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात अशी संयोजकांची रास्त अपेक्षा असते. तथापि औरंगपुऱ्याच्या या आवारात पाऊल टाकताच वक्त्याचे लक्ष माणसांकडे वळते, आणि त्याला इलाज नसतो.

सरस्वती भुवन ही संस्था १९१५ पासूनची. निजामी राजवटीत तिने मराठी मुलांसाठी शिक्षणाचे दार उघडे ठेवले आणि पुढे गोविंदभाई श्रॉफ यांनी दीर्घकाळ तिची धुरा वाहिली. या आवारात १९८०च्या दशकात वाणिज्य शिकलेल्या पिढीच्या वाट्याला संगणक आला नाही. तिच्या वाट्याला कीर्द, खतावणी आणि तेरीज आली. कीर्द म्हणजे व्यवहारांची तारीखवार नोंद, खतावणी म्हणजे त्याच नोंदींची खातेवार मांडणी आणि तेरीज म्हणजे सर्व खात्यांच्या नावे-जमा बाकींचा ताळा. तेरीज जुळली की विद्यार्थी वही मिटून कॅन्टीनकडे निघत असत आणि शिक्षक त्यांना दारातून परत बोलावत असत, कारण एखादा व्यवहार मुळात लिहिलाच गेला नसेल, तर तो दोन्ही बाजूंनी गायब असल्यामुळे तेरीज तरीही जुळते. लेखाशास्त्रातील हे तत्त्व कोणत्याही सॉफ्टवेअरने आजवर खोटे पाडलेले नाही.

त्याच दशकात, १९८५ मध्ये, वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे लहान कारखाने वाढले आणि वाणिज्य पदवीधरांना तेथील स्टोअरमध्ये, गेटवर व हिशेब खात्यात कामे मिळाली. पुरवठादाराने पाठवलेला माल, गेटवर उतरलेला माल आणि तपासणीत पास झालेला माल हे तीन वेगळे आकडे असतात, हे त्या मुलांना पुस्तकातून कळले नव्हते. चलनाचा कागद हातात धरून पेट्या मोजताना ते कळले.

प्रस्तुत भाषणाचा आग्रह एवढाच आहे, आणि तो कंटाळा येईपर्यंत सांगितला जाणार आहे, की वापरायच्या प्रत्येक आकड्याचे गाव विद्यार्थ्याने एकदा तरी पाहून यावे. आकडा कोठे जन्मला, कोणी लिहिला आणि लिहिताना त्या माणसाला कशाची घाई होती, हे ठाऊक नसताना त्यावर सूत्र चालवणे हा तरुण वयात जडणारा आळस होय.

स्प्रेडशीट म्हणजे आडव्या ओळी आणि उभ्या स्तंभांनी बनलेला तक्ता, ज्याच्या प्रत्येक चौकटीत आकडा, मजकूर किंवा इतर चौकटींवर आधारलेले सूत्र ठेवता येते. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलतात. हार्वर्ड येथे व्यवसाय व्यवस्थापन शिकणारा डॅन ब्रिकलिन आणि त्याचा सहकारी बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये व्हिसीकॅल्क या नावाने असा तक्ता संगणकावर आणला, म्हणजे या साधनाचा जनक वाणिज्याच्याच वर्गात बसलेला होता. जाधववाडीच्या बाजार समितीतील शेतमालाचे दर या तक्त्यात भरून पाहावेत. तेथे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर नोंदले जातात. समजा किमान दर क्विंटलला ४,००० रुपये आणि कमाल दर ५,००० रुपये आहे, तर विद्यार्थी सरासरीचे सूत्र लावून ४,५०० लिहून मोकळा होतो. परंतु सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाने बहुतांश माल विकला गेला तो भाव, आणि तो ४,२०० असू शकतो. सूत्र बिनचूक, उत्तर मात्र शेतकऱ्याच्या कामाचे नाही. सकाळच्या लिलावात अर्धा तास उभे राहिलेल्या मुलाकडून ही चूक सहसा होत नाही.

मोठ्या संस्थाही यातून सुटत नाहीत. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या सुमारे १६ हजार रुग्णांच्या नोंदी राष्ट्रीय आकडेवारीत चढल्या नाहीत, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. किती नोंदी आल्या आणि किती चढल्या याचा ताळा घेण्याची आपल्या शिक्षकांची रीत तेथे पाळली गेली असती, तर हा गोंधळ बहुधा त्याच दिवशी उघडकीस आला असता.

प्रोग्रामिंगविषयी थोडक्यात. संगणकाला क्रमवार सूचना देणे, अट घालून फाटा फोडणे आणि तेच काम ठरलेल्या वेळा पुन्हा करवून घेणे, या तीन गोष्टी आल्या की वाणिज्य शाखेपुरता आरंभ झाला असे समजण्यास हरकत नाही. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा आहे काय, महाराष्ट्रातील व्यापाऱ्याच्या क्रमांकाचा आरंभ २७ या आकड्याने होतो काय, पुढील दहा अक्षरे पॅनच्या धाटणीची आहेत काय, हे तपासणारा लहानसा प्रोग्राम प्रथम वर्षाचा विद्यार्थी लिहू शकतो. मात्र त्या बिलावरचा माल दुकानात खरोखर उतरला की नाही, हे तो प्रोग्राम सांगू शकत नाही. त्यासाठी पुन्हा गोदामातच जावे लागते.

पहिल्या रांगेत मोंढ्यातील काही व्यापारी पालक बसलेले दिसतात. त्यांनी येत्या सुट्टीत केवळ आपल्याच मुलांना नव्हे, तर मुलांच्या मित्रांनाही आठवडाभर गादीशेजारी बसू द्यावे आणि त्या काळात कच्ची वही फारशी आत सरकवू नये, अशी विनंती आहे. प्राचार्यांनी संगणक कक्षाच्या वेळापत्रकातून दर महिन्याला एक तास काढून तो वाळूज किंवा जाधववाडीला द्यावा. बसभाड्याची तरतूद माजी विद्यार्थी करू शकतात आणि त्यांच्यापैकी बरेच जण आज याच सभागृहात, नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत, बसलेले आहेत. बक्षीस वितरणास उशीर होत असल्याची दुसरी चिठ्ठी सूत्रसंचालकांकडून आलेली असल्यामुळे डेटाबेस हा विषय विभागप्रमुखांवर सोपवण्यात येत आहे.